स्पार्टाची शिस्त कोणाच्या पाठीवर?

शिस्तीचा विषय निघाला की स्पार्टाचे नाव हमखास पुढे येते. सात वर्षांच्या मुलाला आईपासून काढून घेऊन कणखर करणारे राज्य, सोन्याचांदीला थारा न देणारे राज्य, राजापासून साध्या शिपायापर्यंत सगळ्यांना सारखे जेवू घालणारे राज्य, आणि थर्मोपिलीच्या खिंडीत तीनशे माणसांनिशी इराणच्या सम्राटाला अडवणारे राज्य. व्याख्यानांतून, व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांतून, सैनिकी शिक्षण सक्तीचे करा असे म्हणणाऱ्या लेखांतून हे चित्र इतक्या वेळा समोर आले आहे की आता त्याचा पुरावा कोणी मागत नाही. तो मागायला हवा. ही शिस्त स्वातंत्र्य राखण्यासाठी होती, असे सांगितले जाते. माझे म्हणणे असे की ती आपल्याच शेतात राबणाऱ्या माणसांना दाबून ठेवण्यासाठी होती, आणि स्पार्टाचे राजे, परिषदा, शाळा, पंगती यांतले काहीही त्या माणसांना वगळून समजत नाही.

ही माणसे म्हणजे हेलॉट. काही युरोटास नदीच्या खोऱ्यातले, आणि बरेचसे टायगेटस पर्वतापलीकडच्या मेसेनियातले. इ.स.पू. आठव्या शतकात स्पार्टाने मेसेनिया जिंकायला घेतला, सातव्या शतकात तिथे उठाव झाला तोही मोडून काढला, आणि तिथल्या शेतकऱ्यांना त्यांच्याच शिवारात गुलाम केले. बाजारातून विकत आणलेले हे परके लोक नव्हते. ते ग्रीकच होते, ग्रीकच बोलत आणि त्याच देवांना भजत. जमीन मालकाची, नांगर हेलॉटच्या हातात, आणि पिकाचा अर्धा वाटा मालकाच्या घरी. मालक मेला की बायकोला घेऊन त्याच्या मयताला जायचे आणि रडायचे, हीसुद्धा सक्तीच. हे सांगणारा टिर्टियस हा स्पार्टाच्या बाजूने लिहिणारा, त्या युद्धांच्या काळातला कवी आहे. कोणा शत्रूने केलेली ही बदनामी नाही. मायरॉन नावाचा ग्रीक लेखक सांगतो की हेलॉटांना कुत्र्याच्या कातड्याची टोपी घालावी लागे आणि गुन्हा असो वा नसो, वर्षाला ठरलेले फटके खावे लागत, आपण गुलाम आहोत याचा विसर पडू नये म्हणून.

दरवर्षी नवे पाच एफोर, म्हणजे राज्याचे निवडलेले अधिकारी, सत्तेवर आले की ते हेलॉटांविरुद्ध रीतसर युद्ध पुकारत. चरित्रकार प्लुटार्क अ‍ॅरिस्टॉटलच्या आधाराने त्याचे कारण देतो: युद्ध पुकारलेले असले की हेलॉटला मारल्याचे पातक लागत नाही. मग निवडक तरुणांना खंजीर आणि थोडा शिधा देऊन रानात पाठवायचे. दिवसा त्यांनी दडून बसायचे, रात्री वाटेवर सापडेल त्या हेलॉटचा गळा चिरायचा. कधी शेतांतून फिरून त्यांच्यातले धट्टेकट्टे, कर्ते पुरुष टिपायचे. या प्रकाराला क्रिप्टेइया म्हणत. स्पार्टन शिक्षणाचे गोडवे गाताना मुलांना चोरी करायला, उपाशी राहायला, अंधारात निःशब्द चालायला शिकवत असत हे कौतुकाने सांगितले जाते. ही कौशल्ये कुठे वापरायची होती, हे क्रिप्टेइयाकडे पाहिले की कळते. उघड्या मैदानात ढालीला ढाल लावून लढणाऱ्या ग्रीक सैनिकाला त्यांचा काही उपयोग नव्हता.

प्लुटार्कने यावर एक बचाव मांडला आहे आणि तो आजही नव्या शब्दांत ऐकू येतो. त्याचे म्हणणे असे की मूळचा कायदेकर्ता लायकर्गस हा सौम्य वृत्तीचा होता. हे क्रौर्य नंतरचे, इ.स.पू. ४६४ च्या मोठ्या भूकंपानंतर हेलॉटांनी बंड केले तेव्हापासूनचे. म्हणजे व्यवस्था चांगली, पुढच्या लोकांनी ती बिघडवली. हा बचाव टिकत नाही. अर्ध्या पिकाची आणि सक्तीच्या रडण्याची साक्ष भूकंपाच्या जवळजवळ दोनशे वर्षे आधीची आहे. आणि लायकर्गसविषयी वादातीत असे काहीच सांगता येत नाही, ही कबुली खुद्द प्लुटार्कने त्याच्या चरित्राच्या आरंभीच दिली आहे. ज्याचा काळही ठरवता येत नाही, त्याच्या सौम्य स्वभावाचा दाखला देऊन एका राज्याला निर्दोष कसे ठरवणार? शिवाय प्लुटार्क लिहितो तो स्पार्टाच्या भरभराटीनंतर पाचशेहून अधिक वर्षांनी, रोमन साम्राज्यात. त्या काळी स्पार्टात आर्टेमिस ऑर्थिया या देवीच्या वेदीपुढे पोरांना चाबकाने फोडून काढण्याचा सोहळा चाले आणि तो बघायला दुरून माणसे येत. पुढे प्रेक्षकांसाठी तिथे दगडी बैठकाही बांधल्या गेल्या. आपण ज्याला प्राचीन स्पार्टाचे शिक्षण म्हणतो त्यातले बरेच काही त्या तमाशाच्या काळातून आलेले आहे.

हे क्रौर्य बंडाच्या रागातून आले असे मानणाऱ्यांनी इतिहासकार थ्युसिडिडीजने नोंदवलेली एक घटना वाचावी. अथेन्सबरोबरच्या युद्धाच्या काळात स्पार्टाने जाहीर केले की युद्धात ज्यांनी राज्यासाठी सर्वांत मोठा पराक्रम केला असे वाटते त्या हेलॉटांनी पुढे यावे, त्यांना मुक्त करण्यात येईल. सुमारे दोन हजार जण निवडले गेले. त्यांनी डोक्यावर माळा घातल्या, आपण सुटलो या आनंदात देवळांना फेऱ्या मारल्या. त्यानंतर ते नाहीसे झाले. प्रत्येकाचा शेवट कसा झाला ते कोणालाही कळले नाही. हिशेब सरळ होता: जो स्वतःहून पुढे येऊन मी शूर आहे म्हणतो, तोच उद्या आपल्यावर उलटेल. इथे शौर्याची परीक्षा घेतली ती शूरांना वेचून मारण्यासाठी. शौर्याचे राज्य म्हणून ज्याची पूजा होते त्याची ही करणी आहे, आणि ती रागाच्या भरात झालेली नाही. योजून, जाहीरनामा काढून, सण साजरा करू देऊन झालेली आहे.

आता समतेकडे वळू. पूर्ण नागरिक स्वतःला ‘समान’ म्हणवत हे खरे. पण या समान माणसांत राहण्यासाठी वर्गणी लागे. प्रत्येकाने आपल्या भोजनमंडळाला महिन्याचे जव, दारू, चीज आणि अंजीर द्यायचे. ते त्याच्या जमिनीतून, म्हणजे हेलॉटच्या अर्ध्या पिकातून यायचे. वर्गणी थकली की पंगतीतली जागा गेली, आणि जागेबरोबर नागरिकत्वही गेले. क्रीटमध्ये असली भोजने सार्वजनिक उत्पन्नातून चालत, स्पार्टात मात्र गरिबालाच बाहेर काढण्याची सोय होती, हा आक्षेप अ‍ॅरिस्टॉटलने घेतला आहे. जमीन वारसाने आणि हुंड्याने मूठभर घरांत गोळा होत गेली. इ.स.पू. ४८० च्या सुमारास स्पार्टात आठ हजार पुरुष होते असे इतिहासकार हिरोडोटस सांगतो. अ‍ॅरिस्टॉटलच्या काळापर्यंत नागरिकांची संख्या हजारापर्यंतही उरली नव्हती, आणि तो लिहितो की हाच देश तीस हजार पायदळ पोसू शकला असता. तिसऱ्या शतकात तरुण राजा चौथा एजिस कर्जे माफ करून जमिनी पुन्हा वाटायला निघाला तेव्हा सातशे स्पार्टन उरले होते, आणि त्यांतल्या शंभरेकांकडेच जमीन होती. एजिसला त्याच्याच राज्याने गळफास देऊन मारले.

या समतेचे खरे स्वरूप एका कटाच्या हकिगतीत दिसते, आणि ती सांगणारा झेनोफन हा स्पार्टाचा मित्र आहे. इ.स.पू. चौथ्या शतकाच्या उंबरठ्यावर, अ‍ॅजेसिलेअस नुकताच राजा झाला असताना, एका खबऱ्याने एफोरांना सांगितले की किनाडॉन नावाचा तरुण उठावाच्या तयारीत आहे. किनाडॉन अंगाने धडधाकट, मनाने खंबीर, पण ‘समानां’पैकी नव्हता. त्याने खबऱ्याला बाजाराच्या कडेला उभे केले आणि इथे किती स्पार्टन नागरिक आहेत ते मोज म्हणून सांगितले. राजा, एफोर, वृद्धमंडळाचे सभासद आणि इतर मिळून चाळीसेक भरले. हे आपले शत्रू, आणि बाजारातले बाकीचे चार हजारांहून अधिक आपले सोबती, असे किनाडॉनचे म्हणणे. शेतीवाडीवर पाहिले तर तिथेही शत्रू एकच, मालक. उरलेले सगळे आपले. हेलॉट, मुक्त झालेले हेलॉट, दर्जा गमावलेले नागरिक, आसपासच्या गावांचे स्वतंत्र पण नागरिकत्व नसलेले पेरिओइकोई, यांच्यापुढे स्पार्टनांचे नाव काढले तर त्यांना कच्चे खाऊ अशी भावना तोंडावर लपत नाही, हेही तो बोलला. एफोर इतके हादरले की त्यांनी सभाही बोलावली नाही. सरकारी कामाच्या निमित्ताने किनाडॉनला शहराबाहेर पाठवून तिथे पकडले. हे का केलेस असे विचारल्यावर त्याने उत्तर दिले की लॅसिडिमनमध्ये, म्हणजे स्पार्टाच्या राज्यात, आपण कोणापेक्षाही खालचे राहू नये, एवढ्यासाठी. मग त्याला आणि त्याच्या साथीदारांना हात बांधून, गळ्यात खोडा अडकवून, फटके मारत आणि टोचत गावभर फिरवण्यात आले.

स्पार्टात समता होती असे म्हणणाऱ्याने किनाडॉनला उत्तर द्यावे. त्याने लुटीची मागणी केली नव्हती, राजपद मागितले नव्हते. राज्य जो शब्द मिरवत होते, तोच त्याने आपल्यासाठी मागितला होता.

राज्यघटनेचेही असेच. दोन राजघराणी, साठी ओलांडलेल्या अठ्ठावीस वृद्धांचे आजीव मंडळ, दरवर्षी निवडलेले पाच एफोर आणि नागरिकांची सभा, असा हा समतोल पॉलिबियसपासून अनेकांनी वाखाणला. तो चालायचा कसा ते पाहा. वृद्धमंडळाची निवडणूक म्हणजे उमेदवाराने सभेतून चालत जायचे आणि जवळच्या बंद खोलीत बसलेल्या पंचांनी कोणासाठी आरडाओरडा मोठा झाला ते ठरवायचे. अ‍ॅरिस्टॉटलने हिला पोरकट म्हटले आहे. सभेला प्रस्ताव मांडण्याचा अधिकार नव्हता. तिने होकार किंवा नकार द्यायचा, आणि लोकांचा निर्णय वाकडा वाटला तर तो मोडून काढायची मुभा वृद्धांना आणि राजांना होती. एफोरांच्या हाती अफाट सत्ता, पण निवड कोणाचीही. त्यामुळे गरीब एफोर विकले जात, हेही अ‍ॅरिस्टॉटलचेच निरीक्षण. स्थैर्याचे म्हणाल तर डिमारॅटस राजाला डेल्फीच्या देववाणीला लाच देऊन पदच्युत करण्यात आले आणि तो इराणच्या दरबारात गेला. त्याच्या जागी आलेला लिओटिकिडास मोहिमेवर असताना चांदीने भरलेल्या हातमोज्यावर बसलेला सापडला आणि परागंदा झाला.

चांदीचा विषय इथेच संपवतो. लोखंडी नाण्यांच्या या राज्यात अथेन्सवरच्या इ.स.पू. ४०५–४०४ च्या विजयानंतर स्पार्टाचा सेनानी लायसँडरने अथेन्सचा पैसा पाठवला तेव्हा सिराक्यूजच्या लढाईतला विजेता सेनापती गिलिप्पसने थैल्या तळाकडून उसवून त्यातला बराच काढून घेतला आणि घराच्या कौलांखाली दडवला. प्रत्येक थैलीत रकमेची चिठ्ठी होती, म्हणून तो सापडला. पैशावर बंदी घातल्याने पैशाची हाव मेली नव्हती.

स्पार्टाच्या स्त्रियांना मोकळीक होती, या दाव्यात तथ्य आहे. मुली व्यायाम करत, स्त्रियांच्या नावे जमीन असे. अ‍ॅरिस्टॉटलच्या हिशेबाने देशाची जवळजवळ दोन पंचमांश जमीन त्यांच्याकडे होती. राजकन्या किनिस्काच्या रथाने ऑलिंपियात दोनदा बाजी मारली. पण दळण, विणकाम, धुणीभांडी यांतून ही स्त्री सुटली, कारण ती कामे हेलॉट बायकांवर पडली. त्या बायकांविषयी प्राचीन लेखक जवळजवळ काहीच लिहीत नाहीत. स्त्रीमुक्तीचा दाखला म्हणून स्पार्टाकडे बोट दाखवताना त्यांनाही मोजायला हवे.

आणि थर्मोपिली. मराठी माणसाला ही लढाई जवळची वाटते, कारण तिची तुलना पावनखिंडीशी होते आणि बाजीप्रभूंच्या पराक्रमामुळे ‘खिंड लढवणे’ हे शब्द आपल्या जिभेवर आहेत. त्या तीनशे जणांच्या धैर्याला मी उणे करत नाही. राजा लिओनिडास आणि त्याची माणसे शेवटपर्यंत लढून मेली. पण त्या खिंडीत तीनशे जणच होते, हे खोटे आहे. हिरोडोटसच्या मोजणीप्रमाणे सुरुवातीला निरनिराळ्या ग्रीक गावांचे पाच हजारांवर लोक होते. बाकीचे परतले तेव्हा थेस्पिया नावाच्या छोट्या नगरीचे सातशे लोक आपण होऊन मागे राहिले आणि एकूण एक मारले गेले. त्यांना मुलांना छळून घडवणारी शाळा नव्हती, राज्यभर छावणी नव्हती. नंतर इराणी फौजेने त्यांचे गाव जाळले. पुढल्या वर्षी प्लाटियाच्या रणांगणावर उरलेले अठराशे थेस्पियन हजर होते, जड शस्त्रांशिवाय. स्वातंत्र्यासाठी मरायला स्पार्टन शिक्षण लागते असे म्हणणाऱ्यांना या सातशे जणांनी त्याच खिंडीत उत्तर दिले आहे, आणि त्यांचे नाव आपल्या व्याख्यानांत कधी येत नाही.

त्या खिंडीत हेलॉटही पडले होते. मृतदेह बघायला आलेल्या इराणी खलाशांना सगळेच स्पार्टन आणि थेस्पियन वाटले, पण त्यांत हेलॉटही होते, असे हिरोडोटस नोंदवतो. युरिटस नावाचा स्पार्टन डोळे आल्यामुळे मागच्या गावात पडून होता. लढाईची बातमी कळताच त्याने आपल्या हेलॉटला हाताला धरून रणात न्यायला सांगितले. हेलॉटने त्याला तिथवर पोहोचवले आणि पळ काढला. युरिटस गर्दीत शिरून मेला. युरिटसचे नाव अडीच हजार वर्षे टिकले. ज्या माणसाने त्याला हात धरून नेले त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही, आणि पळाला म्हणून त्याला भ्याड म्हणायचा अधिकार मला तरी वाटत नाही. ज्या राज्याने दरवर्षी त्याच्याविरुद्ध युद्ध पुकारले होते, त्या राज्यासाठी त्याने का मरावे? प्लाटियात एकेका स्पार्टनामागे सात हेलॉट होते, पाच हजारांमागे पस्तीस हजार. हे आकडे हिरोडोटसचेच.

पावनखिंडीशी तुलना करायचीच तर या ठिकाणी ती मोडते. १६६० च्या जुलैत घोडखिंडीत उभे राहिलेले बांदलांच्या तुकडीतले लोक हिरडस मावळातले होते, नांगर धरणाऱ्या गावांतले. लढणारा एक आणि कसणारा त्याचा बांधलेला गुलाम, अशी फाळणी तिथे नव्हती. स्पार्टन पुरुषाने नांगराला हात लावणे हे त्याच्या दर्जाला न शोभणारे होते. मावळ्याला स्पार्टन म्हणणे हा मावळ्याचा गौरव ठरत नाही.

थर्मोपिलीच्या आख्यानाचा पुढे काय उपयोग झाला तेही लक्षात घ्यावे. ३० जानेवारी १९४३ रोजी स्टालिनग्राडमध्ये कोंडलेल्या जर्मन फौजेला उद्देशून नाझी नेता गोअरिंगने याच लढाईचा दाखला दिला. ती फौज उपाशी, गोठलेली होती, तिला माघारीची परवानगी नव्हती. आणि बर्लिनमधून तिला सन्मानाने मरायला सांगितले जात होते. माणसे वाया घालवणाऱ्या सत्तेला स्पार्टा नेहमीच उपयोगी पडतो.

युद्धकौशल्य तरी अजिंक्य होते का? इ.स.पू. ४२५ मध्ये स्फॅक्टेरिया बेटावर २९२ जण शरण आले, त्यांत सुमारे १२० पूर्ण नागरिक होते. त्यांच्या सुटकेसाठी स्पार्टा तहाची याचना करत राहिला. अथेन्सला अखेर हरवले ते इराणच्या राजपुत्राच्या पैशाने उभारलेल्या आरमाराच्या बळावर. आणि त्याची किंमत म्हणून इ.स.पू. ३८७–३८६ च्या तहात आशिया मायनरमधली ग्रीक शहरे स्पार्टाच्या संमतीने इराणच्या ताब्यात गेली. थर्मोपिलीचे नाव घेणाऱ्यांनी हा तहही लक्षात ठेवावा. इ.स.पू. ३७१ मध्ये ल्यूक्ट्राच्या मैदानात थीब्जच्या फौजेपुढे सातशे स्पार्टन नागरिकांतले चारशे पडले, आणि त्या एका दिवसात सत्ता संपली, कारण चारशेंची जागा घ्यायला माणसेच नव्हती. बाहेर हजारो सशक्त माणसे होती. त्यांना नागरिक करण्यापेक्षा राज्य बुडालेले स्पार्टाला चालले.

शेवटचा बचाव असा येतो: त्या काळच्या गोष्टी आजच्या मापाने मोजू नका, गुलाम तर अथेन्सलाही होते. होते, आणि लॉरियमच्या चांदीच्या खाणींत त्यांचे हाल भयंकर होते. अथेन्सची बाजू मला घ्यायची नाही. पण मी वापरलेले माप त्या काळचेच आहे. एकाच गुणाच्या, फक्त युद्धाच्या तयारीसाठी आखलेली राज्यव्यवस्था शांततेत टिकत नाही, हा निकाल अ‍ॅरिस्टॉटलचा आहे. भूकंपानंतरच्या बंडाच्या वेळी मदतीला आलेली अथेन्सची फौज, ही उद्या हेलॉटांना मिळेल, या धास्तीने स्पार्टाने परत पाठवली, हे थ्युसिडिडीज सांगतो. मेसेनियन गुलामगिरी इतर ग्रीकांना अन्यायाची वाटू शकते, ही जाणीव खुद्द स्पार्टाला होती. आणि इ.स.पू. ३६९ मध्ये थीब्जच्या एपामिनोन्डासने मेसेनिया मुक्त करून इथोमे डोंगराच्या पायथ्याशी मेसीनी नगर वसवले, तेव्हा अल्किडामस नावाच्या वक्त्याने त्या लोकांच्या बाजूने मांडले की देवाने सर्वांना मुक्त सोडले आहे, निसर्गाने कोणालाही गुलाम केलेले नाही. हे वाक्य आपल्या शतकातले नाही.

स्पार्टाला ते कधीच पटले नाही. पुढे ग्रीक राज्यांचे सर्वसाधारण तह झाले तेव्हा मेसीनीचे नाव त्यात आहे म्हणून स्पार्टा एकटा बाहेर राहिला. ऐंशीच्या घरातला अ‍ॅजेसिलेअस इजिप्तला भाडोत्री सेनापती म्हणून गेला, मेसेनिया परत मिळवण्याच्या युद्धासाठी पैसा आणायला, आणि परतीच्या वाटेवर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर वारला. मेसेनिया स्पार्टाकडे परत आला नाही. तिथले लोक आपल्या नगराचा तट बांधत होते. त्या तटाचे बुरूज आणि आर्केडियन दरवाजा आजही माव्रोमाती गावाजवळ उभे आहेत.